बोस्टनचा चहा, शनिवारचा कापूस

"इचारलं का तुला?"

आमचे इतिहासाचे सर आठवीच्या वर्गात शिरायचे, फळ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, आणि पहिल्या बाकावरच्या कुठल्याही पोराचा डबा उघडून त्यातली भाकरी मोडायचे. अर्धी भाकरी शांतपणे खायला लागायचे. ज्याची भाकरी असायची त्याचं तोंड उतरायचं आणि बाकीचा वर्ग फिदीफिदी हसायचा. घास गिळून सर त्या पोराला म्हणायचे, "भाकरी तुझी. खाल्ली मी. तुला इचारलं का?"

"न्हाई सर."

"मंग तू गप का बसला?"

पोरगं आणखीच गप व्हायचं. सर उरलेली भाकरी डब्यात नीट ठेवायचे, रुमालाला हात पुसायचे आणि मग सांगायचे, की अमेरिकेत जाऊन राहिलेल्या लोकांचंही असंच झालं होतं. राजा समुद्रापलीकडे, इंग्लंडात. कर घ्यायचा ह्यांच्याकडून, पण जिथं बसून तो कर ठरायचा त्या सभेत ह्यांचा एकही माणूस नाही. "भाकरीचं दुःख न्हाई पोरांनो. मागितली तर माणूस सगळी देईल. इचारलं न्हाई, हे दुःख."

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा सुरू व्हायचा तो असा. पुस्तकात तो दोन-तीन पानांचा होता. आमच्या सरांना तो पुरवून पुरवून शिकवायला पंधरवडाही कमी पडायचा.

अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. गावात खासगी संस्थेची माध्यमिक शाळा. मी तिथं मराठी शिकवायचो. सर एक्क्याऐंशी साली रुजू झाले, माझ्यानंतर थोड्याच दिवसांनी. अंगानं वाळलेले, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि आवाज मात्र माळावरून हाक मारणाऱ्या माणसाचा. तो आवाज त्यांना घरूनच मिळाला होता. त्यांचे वडील मेंढरं राखत गावोगाव फिरायचे. सर अंबडच्या वसतिगृहात राहून शिकले आणि घरातले पहिले पगारदार झाले. "आमच्या घरात इतिहास कुणाला ठाव न्हाई," ते म्हणायचे. "आज्याचं नाव ठाव हाय, त्याच्या बापाचं ठाव न्हाई. म्हणून मीच इतिहास घेतला."

असे सर तुम्हीही एखादे पाहिले असतील. पुस्तक बाजूला ठेवून शिकवणारे, परीक्षेच्या दृष्टीनं थोडे धोक्याचे. वर्गातल्या एकाही पोरानं समुद्र पाहिलेला नव्हता. बोस्टन आणि लंडनच्या मध्ये केवढं पाणी आहे हे समजावताना सर म्हणायचे, "गोदावरीचा पूर पाह्यला ना? पलीकडचा काठ दिसत न्हाई असा? तसाच पूर. फक्त महिना-दोन महिने नाव चालवली तरी काठ येत न्हाई." पोरं डोळे विस्फारून खिडकीबाहेर बघायची, जणू तो पूर शाळेच्या मैदानापलीकडे आला आहे.

धडा चालू असेपर्यंत सर चहा प्यायचे नाहीत. मधल्या सुट्टीत शिपाई सगळ्यांसाठी चहा आणायचा, आणि सर पेला पालथा घालायचे. "आता न्हाई. सध्या बहिष्कार हाय." आम्ही हसायचो. गणिताचे शिक्षक त्यांच्या वाटचा चहा पिऊन टाकायचे आणि म्हणायचे, "सर, तुमचं स्वातंत्र्ययुद्ध वर्षभर चालू द्या."

एका वर्षी त्यांनी बोस्टनची गोष्ट पोरांकडून करून घेतली. कर लादलेला इंग्रजांचा चहा बंदरात बुडवण्यासाठी तिथले लोक मूळच्या रहिवाशांचा वेश करून जहाजावर चढले होते. आमच्या पोरांनी तोंडाला कोळसा फासला, डोक्याला लिंबाचे डहाळे बांधले. खडूच्या रिकाम्या खोक्यांमध्ये भुसा भरला आणि ती खोकी शाळेच्या मैदानावरच्या टाकीत टाकायची असं ठरलं. सगळं झकास झालं. फक्त एका मुलीनं भुसा आणलाच नव्हता, तिनं घरातली खरी चहापत्ती पुडक्यासकट आणली होती. टाकी पिण्याच्या पाण्याची होती. दुपारपर्यंत पाण्याला रंग चढला.

मुख्याध्यापक ओरडत आले. "सर, पोरं टाकीतला चहा पिऊन राह्यलेत! काय लावलंय हे?"

सर म्हणाले, "सर, साखर टाकायला सांगू का?"

मुख्याध्यापकांनाही हसू आवरलं नाही. टाकी धुण्याचं काम मात्र सरांनाच करावं लागलं. ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीत उतरले, आणि ती मुलगी वरून बादलीनं पाणी देत राहिली.

तिचं नाव सुमन. सुमनचा बाप आमच्या संस्थेच्या अध्यक्षांकडे सालगडी होता. वर्षाच्या करारावर मालकाच्या शेतात राबायचं आणि त्यानंच दिलेल्या खोपीत राहायचं, असं त्यांचं घर. चहापत्ती आणल्याबद्दल आईनं तिला मारलं होतं. सरांनी विचारलं, "अगं, भुसा का न्हाई आणला?" तर ती म्हणाली, "सर, त्यांनी खरा चहा बुडवला व्हता. भुसा बुडवला असता तर राजाला काय वाटलं असतं?"

स्टाफरूममध्ये येऊन सरांनी हे वाक्य आम्हा सगळ्यांना ऐकवलं. "बघा, पोरीला बराबर कळलं. नुकसान स्वतःचं असल्याशिवाय बहिष्कार होत न्हाई." त्या दिवशी ते इतके खुशीत होते, की बहिष्कार विसरून अर्धा कप चहा प्यायले आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

आता शनिवारचं सांगतो. शनिवारी आमची शाळा सकाळची असायची. शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे. इतर शाळांमध्ये त्या तासाला मुलं खडू करायची, फुलझाडं लावायची. आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस फुटला की आठवी-नववीची मुलं अध्यक्षांच्या शेतात कापूस वेचायला जायची. ह्याला श्रमसंस्कार असं नाव होतं. अध्यक्ष स्वभावानं वाईट नव्हते. मुलांना शेंगा द्यायचे, पाठीवर हात फिरवायचे. त्यांनीच गावात शाळा आणली होती. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. पोरं एरवीही घरचा कापूस वेचायचीच.

त्या वर्षी सरांनी धडा नेहमीप्रमाणे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत आणला. सगळी माणसं समान आहेत, हे वाक्य त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग पुस्तकात नसलेली गोष्ट सांगितली. ज्यांनी हे वाक्य लिहिलं त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी गुलाम होते. आफ्रिकेतून धरून आणलेले लोक. त्यांना समान कुणी धरलंच नाही. स्वातंत्र्य आलं, राजा गेला, आणि पुढं त्याच देशात कापसाचं पीक वाढलं तसे गुलामही वाढले. मालकाच्या शेतात दिवसभर कापूस वेचायचा. बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांनी.

सुमननं हात वर केला. हे मला सरांनीच नंतर सांगितलं.

"सर, त्यांना मजुरी न्हाई देत?"

"न्हाई."

"इचारत बी न्हाई? येतो का म्हणून?"

"न्हाई."

ती उभी राहिली. मग म्हणाली, "सर, मंग आमी शनवारी जातो ते?"

सर फळ्यावरच्या त्या वाक्याकडे वळले. ते म्हणाले, "इचार करा पोरांनो. मी पण करतो." आणि घंटा झाली.

पुढच्या शनिवारी आठवीची मुलं शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिली. ओळीनं, मांडी घालून. दंगा नाही, घोषणा नाही. नववीची मुलं निघाली, आठवी हलेना. शिपाई ओरडला, मुख्याध्यापक ओरडले. पोरं म्हणाली, "आमाला कुणी इचारलं न्हाई." सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आनंद होता, अभिमान होता, आणि भीतीही होती.

तासाभरानं अध्यक्ष आले. त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्ची मागवली, मुलांसमोर बसले, आणि हसून विचारलं, "कोण शिकवलं रे हे?" एकाही पोरानं सरांकडे पाहिलं नाही. अध्यक्षांनी सगळ्यांचे चेहरे नीट न्याहाळले, "बरं, जा घरी," म्हणाले आणि निघून गेले.

सोमवारी पोरांचे बाप शाळेत आले. काही स्वतःहून, काही बोलावल्यावर. त्यांतले बहुतेक अध्यक्षांच्या शेतात, नाहीतर त्यांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. मैदानातच त्यांनी पोरांना मारलं. एका बापानं पोराला मारता मारता स्वतःच रडायला सुरुवात केली. "तुला शाळेत घातलं ते माझं काम घालवायला का रे?" सर वर्गातून धावत बाहेर आले आणि पोराच्या आणि बापाच्या मध्ये उभे राहिले. त्या बापानं हात जोडले. "सर, तुमच्या पाया पडतो. तुमीच सांगा त्याला. तुमचं ऐकतंय ते."

दुपारी अध्यक्षांनी सरांना ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापकांनी मलाही बसवून घेतलं होतं, म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"सर, तुमच्या नोकरीचं मी काही म्हणत न्हाई," अध्यक्ष म्हणाले. "तुमी शिकलेले हाव. इथून गेलात तर जाफराबादला, परतूरला, कुठं बी लागाल. पण ह्या पोरांचे बाप कुठं जातील? मला उद्या दुसरे माणसं भेटतात. बिलकुल भेटतात. तुमी सांगा, काय करू?"

अध्यक्षांनी खुर्ची सरांच्या जवळ ओढली.

"मी करू का तुमी करता?"

सर म्हणाले, "मी सांगतो पोरांना."

त्यांनी नोकरी सोडायला हवी होती असं नंतर काही लोक म्हणाले. सोडली असती तर सर मोठे झाले असते, आणि कितीतरी चुली विझल्या असत्या. तुम्ही त्यांच्या जागी काय केलं असतं मला माहीत नाही.

शनिवारी ते व्हरांड्यात उभे राहिले. मुलं पुन्हा ओळीनं बसली होती, पण ह्या वेळी माना खाली होत्या. माळावरून हाक मारणारा तो आवाज पहिल्या ओळीलासुद्धा नीट ऐकू आला नाही. "चला पोरांनो. कापसाला चला."

पोरं एकेक करून उठली. सुमन बसून राहिली.

"सर, आमाला इचारलं का कुणी?"

"न्हाई इचारलं," सर म्हणाले. "चल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, गणित चुकल्यावर मूल पाटीकडे बघतं तशी. मग उठली, दप्तर घेतलं आणि शेताच्या उलट्या रस्त्यानं चालायला लागली. सर पोरांबरोबर शेतात गेले. कमरेला पंचा बांधून त्यांनी पोरांच्या बरोबरीनं कापूस वेचला, आणि तो हंगाम संपेपर्यंत दर शनिवारी वेचला. मालकाच्या मुकादमानं खुर्ची दिली तर ते बसले नाहीत. पोरं सुरुवातीला त्यांच्याशी बोलायची. नंतर बोलेनाशी झाली.

सुमन त्या दिवसानंतर शाळेत आली नाही.

सर मला घेऊन तिच्या खोपीवर गेले. तिचा बाप बैलांना पाणी पाजत होता. आम्हाला बघून तो घाबरला. बसा म्हणाला नाही.

"पोरगी हुशार हाय," सर म्हणाले. "तिला घरी बसवू नका. मी लक्ष देतो."

"सर, तुमी लक्ष दिलं म्हणून तर..." तो मध्येच थांबला. मग हात जोडून म्हणाला, "तुमी येत जाऊ नका. तुमी आलात की मालक इचारतेत, मास्तर कशाला आल्ता म्हणून. पोरीला पाहुणे पाहून राह्यलो. जाफराबादकडचे हायेत. घर चांगलं हाय."

"आठवी तर होऊ द्या."

"काय करायचंय सर आठवीला?"

खोपीच्या आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आम्ही उभे होतो तोवर तो आवाज थांबला होता. आम्ही निघालो तसा पुन्हा सुरू झाला. उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं.

त्यानंतरच्या सरांबद्दल तुम्हाला सांगायला माझ्याकडे फारसं काही नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. ते वर्गात जायचे, खुर्चीवर बसायचे, आणि प्रश्नोत्तरं सांगायचे. "लिहा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची कारणे. एक." पोरं लिहायची. निकाल सुधारला. मुख्याध्यापक खूश झाले, अध्यक्षांनी शिक्षकदिनाला सरांना शाल घातली. सरांनी ती घेतली, नमस्कार केला, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. ती शाल त्यांनी घरी नेली नाही. शिपायाला थंडीत रखवाली करावी लागायची, त्याला देऊन टाकली. चहा आता ते बाराही महिने प्यायचे. कुणी गमतीनं जुनी आठवण काढली तर हसायचे, पण ते हसू ओठांच्या वर चढायचं नाही.

एकदा मी चिडून म्हणालो, "सर, पोरांना काहीतरी शिकवा हो पहिल्यासारखं."

ते म्हणाले, "शिकवून काय करू? शिकवलेलं पोरं खरं मानतात सर."

बरीच वर्षं गेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. निवडणुकीच्या कामावर आम्हा दोघांची नेमणूक योगायोगानं एकाच केंद्रावर झाली, जाफराबाद तालुक्यातल्या एका खेड्यात. मी मतपत्रिका द्यायला, सर बोटाला शाई लावायला. सकाळपासून बायांची रांग होती. माझं लक्ष माझ्या कामात होतं. एकदम शाईची काडी हवेतच थांबलेली दिसली म्हणून मी वर पाहिलं.

समोर डोक्यावर पदर घेतलेली बाई, कडेवर लेकरू. मतदार यादीतल्या नावावरून काही कळण्यासारखं नव्हतं, सासरचं नाव वेगळं असतं. पण चेहरा तोच होता, वाळलेला आणि वयाआधी जून झालेला.

"सुमन?" सर म्हणाले.

ती दचकली. सासरी तिला त्या नावानं बहुधा कुणी हाक मारत नसावं. "जी?"

"ओळखलं का?"

तिनं नीट पाहिलं. "न्हाई बा."

"मी... तुझ्या शाळेतला सर."

ती आठवत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. अगदी मनापासून हसली. "हां, हां! तुमी गणिताचे न्हाई का?"

सर म्हणाले, "हो. गणिताचा."

"बरे हाव ना सर?"

"बराय. तू?"

"हाय, चाललंय." मागून सासूनं तिच्या पाठीला हात लावला. "चल गं जल्दी." तिनं बोट पुढं केलं. सरांनी शाई लावली. शाई जास्त झाली, नखावरून खाली ओघळली. तिनं ती पदराला पुसली. मी मतपत्रिका दिली तेव्हा तिनं सासूला हळूच विचारलं, "कितवं चित्र म्हणलं व्हतं त्यांनी?" सासूनं बोटांनी खूण केली. ती पडद्याआड गेली, शिक्का मारून आली, घडी पेटीत टाकली, आणि जाताना पुन्हा आमच्याकडे बघून हसली.

पेट्या जमा करून आम्ही परतीच्या जीपमध्ये बसलो. मला वाटलं, सर आता काहीतरी बोलतील, रडतील. ते खिडकीतून कापसाची रानं बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"विसरली ते."

मी म्हणालो, "सर, असं कसं? ती वर्गातली सगळ्यात..."

"लक्षात राह्यलं असतं तर तिला तिथं राहणं झालं असतं का?" ते म्हणाले. "रोज सकाळी उठून इचारावं वाटलं असतं. कुणाला इचारणार ती? सासूला? नवऱ्याला?" मग म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, पोरीचं मी वाटोळं केलं. मी काहीच केलेलं न्हाई सर. माझं काही शिल्लकच न्हाई तिच्यात."

जीपमध्ये दुसरेही कर्मचारी होते. निकालाचे अंदाज चालले होते. सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना झोप लागली नव्हती हे मला कळत होतं.

सर निवृत्तीला थोडी वर्षं बाकी असताना गेले. आजार छातीचा होता. बरेच महिने अंगावर काढला. मी भेटायला गेलो की ते माझ्या मुलांची चौकशी करायचे, पावसाची करायचे. शाळेची करायचे नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "सर, माणूस मास्तर नसता झाला तर काय झालं असतं हो?" मी म्हणालो, तुम्ही मेंढरं राखली असती. त्यांना ते आवडलं. "मेंढराला पुढं काय हाय ते सांगावं लागत न्हाई," म्हणाले आणि खोकायला लागले. त्यांच्या बायकोनं मला डोळ्यांनीच उठायला सांगितलं.

शाळेतला शिक्षक वारला की आमच्याकडे एक पद्धत आहे. मुलं मैदानात ओळीनं उभी राहतात, कुणीतरी दोन शब्द बोलतं, दोन मिनिटं सगळे शांत उभे राहतात, आणि मग शाळा सुटते. सर गेले ते मे महिन्यात. शाळेला उन्हाळ्याची सुट्टीच होती. मैदानात कुणी नव्हतं, त्यामुळे सरांसाठी वेगळी सुट्टी द्यायची वेळच आली नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा इतिहासाचे तास नव्या बाईंना दिलेले होते. घंटा झाली, हजेरी झाली, आणि आठवीच्या वर्गातून प्रश्नोत्तरं सांगितल्याचा आवाज यायला लागला.